आरसे काढलेली गाडी

रविवार, ९ फेब्रुवारी

जावईबापू,

शनिवार, ८ फेब्रुवारी, दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटे. ही वेळ मी मुद्दाम पहिल्याच ओळीत घालते आहे, म्हणजे पुढे "नक्की आठवत नाही" म्हणायला तुम्हाला वाव राहणार नाही. या वेळी तुम्ही, माझ्या गैरहजेरीत, अडीअडचणीसाठी दिलेल्या किल्लीने माझी शेड उघडलीत, आत उभी असलेली मोटरसायकल भाड्याच्या टेम्पोत चढवलीत आणि घेऊन गेलात. साक्षीदार शेजारच्या शिंपीणबाई. टेम्पोची फळी धरायला त्यांनीच हात लावला, हे त्यांनी कबूल केलं. वर मलाच म्हणाल्या, "काकू, ते रडत होते हो. मी काय करणार?" रडत रडत केलेली चोरी ही चोरी नसते, हा नवा कायदा मला माहीत नव्हता.

गाडी कागदोपत्री तुमच्या बायकोची, म्हणजे आता तुमची, हे मला ठाऊक आहे. ती तुमची बायको होण्याआधी माझी लेक, माझी बिट्टी होती, हे तुम्हालाही ठाऊक असावं. गाडी माझ्या शेडमध्ये तुम्हीच आणून ठेवलीत. "आई, मला ती रोज दिसायला नको," हे तुमचे शब्द. मग ती रोज मी पाहिली. आठ महिने. आता एकाएकी तुमच्या डोळ्यांना ती हवीशी झाली का?

त्या वेळी मी दंतवैद्याच्या खुर्चीत होते. खालची दाढ काढली. घरी आले तेव्हा अर्धा जबडा बधिर, ओठ एका बाजूला लोंबलेला. शेड सताड उघडी, आत तेलाचा डाग आणि मोकळी जागा. शिंपीणबाईंना जाब विचारायला तोंड उघडलं, तर शब्दांऐवजी नुसतं बबबब आणि हनुवटीवर लाळ. त्यांना वाटलं मला झटका आला. त्यांनी मला खुर्चीत बसवून कपडे बेतायच्या कागदाने वारा घातला. मला कुणाला तरी फाडून खायचं होतं आणि ऐन वेळी जिभेने दगा दिला. तेही तुमच्याच खात्यावर.

तुमचा फोन मी उचलणार नाही. तुम्ही पाठवलेला आवाजी निरोप अर्धा ऐकला आणि पुसला. निम्मं तर नाक ओढणंच होतं. ज्याला टेम्पो बोलावता येतो त्याला पेन धरता येतं. शाळेत आमच्या सिस्टर सांगायच्या, रागाने लिहिलेल्या पत्रालाही समास सोडावा. मी सोडला आहे, पाहून घ्या.

गाडी मला रविवारी, २३ तारखेला, सकाळी हवी आहे. कशासाठी, ते विचारलं असतंत तर सांगितलं असतं.

तुमची सासू


बुधवार, १२ फेब्रुवारी

जावईबापू,

उत्तर नाही. ठीक. न विचारताच सांगते.

बिट्टीने आजारी पडण्याआधी ट्रॅक डेला नाव दिलं होतं, हे तुम्हाला माहीत आहे. शर्यतीचा ट्रॅक एखाद्या रविवारी सकाळी साध्या माणसांना उघडून देतात. शर्यत नाही, बक्षीस नाही. नुसतं वळण नीट घ्यायला शिकायचं. तिची पहिलीच खेप होती. मग ताप आला. लोक मला अजून विचारतात, "गाडीवरून का हो?" मी सांगते, नाही, पलंगावरून. मग ते थोडे हिरमुसतात.

जानेवारीत ट्रॅकवरून फोन आला. बिट्टीने दुसरा नंबर माझा दिला होता. "ताईंची जागा आम्ही राखून ठेवली होती, या वेळी येताहेत ना?" मुलगी गोड आवाजाची होती, तिला काही ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "ती येणार नाही. मी येते."

का म्हटलं? कुणी "चहा घेणार का" म्हणून विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. नको म्हणायला जास्त बोलावं लागतं.

मला गाडी चालवता येत नाही अशातला भाग नाही. लसी टोचत गावोगाव हिंडायचे तेव्हा बुडाखाली आरोग्य खात्याची मोटरसायकलच होती, मागे बर्फाची पेटी. तुम्ही तेव्हा दुपट्यात होतात. कुणी सांगावं, तुमच्याही दंडाला मीच टोचलं असेल. पण ती गाडी मी कधी पळवली नाही. पेटीतल्या बाटल्या फुटायच्या. त्यामुळे वळणावर गाडी आडवी घालणं हे मला नव्याने शिकायचं होतं. ट्रॅकवाल्यांचा मास्तर रविवारी एका बंद गोदामाच्या आवारात शिकवतो. तुमच्याहून लहान आहे, मला मावशी म्हणतो आणि लांबून ओरडतो, "खांदे सैल, मावशी! गाडीला गळफास लावल्यासारखं धरू नका!"

एका रविवारी त्याने मला बाजूला घेतलं.

"मावशी, तुम्ही सगळं बरोबर करता. पण तुम्हाला भीती वाटत नाही का?"

"नाही."

"थोडीसुद्धा?"

"वाटायला हवी का?"

"हवी हो. न घाबरणारा माणूस मला ट्रॅकवर नको असतो. तो ब्रेक उशिरा लावतो. मग मी त्याच्या घरच्यांना फोन लावतो."

मी म्हटलं, बघू या. आणखी काय म्हणणार? भीती काही दुकानात मिळत नाही.

कातडी पोशाख बिट्टीचाच घ्यायचा होता. खांदे बसले, पाय बसले, पोटाशी चेन हटून बसली. शिंपीणबाईंनी बगलेपासून कमरेपर्यंत दोन्हीकडे जाड कापडाची पट्टी घालून दिली. "काकू, आजवर झगे उसवले, पडदे उसवले. माणसाचं कातडं हे पहिलंच." मास्तरने पट्टी पाहिली आणि मान हलवली. "मावशी, घसरलात तर पहिली हीच फाटेल. इथे कातडंच हवं." मग ट्रॅकवाल्यांकडचा भाड्याचा पोशाख ठरवला. त्याला आधीच्या कुणाच्या तरी घामाचा वास आहे. शिंपीणबाई अपमान झाल्यासारख्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

आणि गाडी. ती तयार करायला गॅरेजवाली बाई घरी आली होती. ट्रॅकवर न्यायची तर गाडीवरचं रस्त्याचं सगळं उतरवावं लागतं. आरसे काढतात. नंबराची पाटी काढतात. पुढच्या मागच्या दिव्यांवर टेप लावतात, म्हणजे पडलात तर काचा पसरत नाहीत. ब्रेकचा लाल दिवासुद्धा झाकायचा, नाहीतर मागचा बिचकतो. वेगाच्या काट्यावर टेप, कारण काटा बघणारा वळण बघत नाही. इंजिन थंड ठेवणारं ते हिरवं बुळबुळीत पाणी काढून साधं पाणी भरतात, सांडलं तर कुणी घसरू नये म्हणून.

मी विचारलं, "आरसे नाहीत, तर मागून येणारा कळायचा कसा?"

"नाही कळायचा. मागच्याने पुढच्याला सांभाळायचं, हा तिथला नियम. पुढच्याने मागे बघायचंच नाही."

"आणि मागचा आंधळा असला तर?"

"काकू, तुम्ही नर्स होतात का वकील?"

हे सगळं तुम्हाला एवढ्यासाठी लिहिते आहे की म्हातारीने गाडी उडवू नये असं तुमचं म्हणणं असेल, तर ते कारणांसह लेखी द्या. मी मुद्देसूद उत्तर देईन. शेड रिकामी करून जाणं हा मुद्दा नव्हे.

तुमची सासू


शनिवार, १५ फेब्रुवारी

तुझा फोटो मिळाला.

पत्र मागितलं, फोनवर फोटो आला. असो. रागावले की मी अहो-जाहो करते, ते तुला माहीत आहे. आज करत नाही.

गाडी तू बैठकीच्या खोलीत आणून उभी केली आहेस. एका बाजूला सोफा, दुसऱ्या बाजूला इस्त्रीचे कपडे. टेप सगळी सोलून काढलीस, दिव्यावर डिंकाचे ओरखडे राहिले आहेत. पाटी परत लावलीस, तिरकी. दोन्ही आरसे बसवलेस. ते तूच बसवलेस हे सांगायला नको, उजवा छताकडे बघतो आहे. आणि खाली एक ओळ: "आई, तुम्ही परत येणार होतात ना?"

आधी मला कळलंच नाही. कुठून परत? ट्रॅकवरून दुपारी दोनपर्यंत घरी, रस्ता मोकळा मिळाला तर. मग कळलं. मी फोन पालथा ठेवला आणि तडक शिंपीणबाईंकडे गेले. त्या मशीनवर होत्या.

"त्या दिवशी जावयाला काय काय सांगितलंत?"

"काही नाही हो, काकू. ते विम्याचा कागद शोधायला आले होते. शेड उघडली आणि एकदम बाहेर येऊन पायरीवर बसले. मला विचारलं, आई कशा आहेत? मी म्हटलं, बऱ्या आहेत."

"एवढंच?"

"मांजर मला दिलंत ते सांगितलं."

"आणि?"

"कुंड्या दिल्यात ते. झोपेच्या गोळ्या दुकानात परत केल्यात, ते." त्यांनी मशीन थांबवलं. "आणि तुम्ही म्हणाला होतात ना, आता मला कशाचं काम नाही."

"ते मी विणायच्या सुयांबद्दल म्हटलं होतं! तुम्हाला सुया देताना!"

"मला काय कळणार, काकू? हल्ली तुमचा चेहरा सगळ्याला सारखाच असतो."

मी घरी येऊन आरशात पाहिलं. बाई खोटं बोलत नाही.

आता एकेक घेते. मांजर मी दिलं नाही, ते गेलं. मी त्याला खायला घालायला विसरत होते. दोनदा नाही, बऱ्याचदा. ते शिंपीणबाईंच्या खिडकीत जाऊन बसायला लागलं, मी फक्त त्याचा वाडगा मागून पोचवला. कुंड्यांतली झाडं वाळली होती. वाळलेल्या झाडांना पाणी घालत बसणाऱ्या बाईची तुला अधिक काळजी वाटायला हवी होती. गोळ्या डॉक्टरांनी दिल्या, मी घेतल्या नाहीत, म्हणून परत केल्या. जरा डोकं चालव. तुला जे वाटलं ते ज्याला करायचं असेल, तो गोळ्या परत करेल का? तुझी पदवी नेमकी कशातली आहे?

गाडीचं बुधवारी लिहिलं. पण ते लिहिलं तेव्हा तू गाडी नेऊन चार दिवस झाले होते. बिट्टीने तिची तयारी सुरूच केली नव्हती, तेव्हा ट्रॅकची गाडी कशी दिसते हे तुला कोण सांगणार? तू कागद शोधायला आलास, दार लोटलंस आणि समोर तिची गाडी. आरसे नाहीत, नंबर नाही, दिवे झाकलेले, काटा झाकलेला. आज मी रिकाम्या शेडच्या दारात तू उभा होतास तिथे उभी राहिले आणि ते डोळ्यांपुढे आणलं. मलाही तेच वाटलं असतं.

तुझा प्रश्न राहिला.

परत यायचं नाही असं मी ठरवलं नव्हतं. परत यायचं असंही ठरवलं नव्हतं. त्या दिशेने विचारच गेला नव्हता. कुणी तरी नळ चालू ठेवून गेलं आहे आणि तो वाहतो आहे, असे दिवस होते. बादली भरली काय, सांडली काय. मी कामावर असताना अशी माणसं पाहिली आहेत. ती हसतात, जेवतात, रांगेत उभी राहतात. त्यांच्या घरच्यांना दाराबाहेर बोलावून "यांच्यावर नजर ठेवा" म्हणून मीच सांगितलं आहे. तेव्हा तुझा अंदाज चुकला, पण तू नजर ठेवलीस. चोरी हा शब्द मी मागे घेत नाही. मात्र किल्ली अडीअडचणीसाठी होती आणि तुला ती अडचण वाटली, एवढं मान्य करते.

आणखी एक. त्या दिवशी मला राग आला. बिट्टी गेल्यापासून पहिल्यांदा. दवाखान्यात त्या डॉक्टरवर आला नव्हता. तुझ्यावर आला नव्हता. देवावर येणं शक्य नव्हतं, त्याचं नि माझं शाळेतच फिसकटलं आहे. माणसं भेटायला येऊन "वेळ हे औषध आहे" असं सांगून बिस्किटं खाऊन गेली, त्यांच्यावरसुद्धा आला नाही. रिकाम्या शेडमध्ये लाळ गाळत उभी राहिले तेव्हा आला. संध्याकाळी दाढेचं औषध उतरलं आणि हिरडी ठणकू लागली. राग आणि हिरडी, दोन्ही एकदमच. मी गुळण्या करत तुला पहिलं पत्र मनात लिहून काढलं.

सही करत नाही. हे वाचून फाडून टाक.


सोमवार, १७ फेब्रुवारी

बाळा,

तू फाडलं नसणारच. तू बसची तिकिटंसुद्धा खिशात जपून ठेवतोस, बिट्टी कपडे धुताना बोंब मारायची.

काल गोदामाच्या आवारात शेवटचा सराव होता. तू गाडी नेलीस म्हणून मास्तरने त्याची जुनी दिली. तिचं हँडल थोडं डावीकडे ओढतं आणि सीट बसणाऱ्याचा सूड घेते. फरशीवर कुणी तरी सिमेंटची गोणी फोडली असावी, वळणावर बारीक भुकटी होती. मी गाडी आडवी घातली आणि मागचं चाक निसटलं. आवाज न करता, ताटातून चमचा सरकावा तसं. गाडी कशी सावरली ते मला माहीत नाही. तोंडातून बिट्टीचं नाव निघालं असं लिहायला बरं दिसलं असतं. निघाली ती एक शिवी. ती मला येते हेही मला ठाऊक नव्हतं. खात्याच्या ड्रायव्हरांकडून कधी तरी कानावर पडली असावी. थांबले, इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून मुठीत धरली.

मास्तर धावत आला.

"लागलं का, मावशी?"

"नाही."

"घाबरलात?"

"तोंड सांभाळून बोल."

"घाबरलात!" म्हणाला आणि दात काढून हसला. "झालं तर मग. या तेवीसला."

गैरसमज करून घेऊ नकोस. मी बरी वगैरे झाले नाही. चहा अजून कोमट पाण्यासारखाच लागतो. पेपरची पहिली ओळ वाचते आणि तिथेच थांबते. घराच्या मधल्या खोलीत काल जाऊन काय आणायचं होतं ते आज आठवलं, कात्री. एकदा घाबरल्याने माणूस ताळ्यावर येत असता, तर दवाखाने ओस पडले असते. पण एक फरक आहे, तो तुला सांगायला हवा. जानेवारीत मी "येते" म्हटलं, ते तोंडातून निघालं म्हणून. आता मला जायचं आहे. बाकी कशाहीबद्दल मला असं म्हणता येत नाही, म्हणून हे जपायचं आहे.

अडचण अशी. ट्रॅकवाल्यांचा एक नियम आहे, आणि तो माझ्या वयामुळे नाही, सगळ्यांना आहे. प्रत्येकाने आपलं एक माणूस बरोबर आणायचं. गाड्या जिथून आत-बाहेर करतात तिथल्या भिंतीशी ते माणूस सकाळभर उभं असतं. आपला गाडीवाला फेरी पुरी करून समोरून गेला की हात वर करायचा. फेरी झाली आणि गाडीवाला दिसला नाही, तर पहिली बोंब या भिंतीशी उभ्या माणसाने ठोकायची. मास्तर म्हणतो, ट्रॅकवाले त्यांच्या परीने बघतात, पण ते गाड्या मोजतात. आपला माणूस आपल्यालाच शोधत असतो.

बिट्टीने त्या जागी तुझं नाव दिलं होतं. मी ते बदललं नाही. तुला विचारलंही नाही, हे माझं चुकलं असं तुला म्हणायचं असेल तर म्हण, मी वाद घालीन. काल मास्तर म्हणाला, तुमच्या माणसाकडून होकार यायला हवा, गुरुवारी रात्री आठ वाजता यादी बंद.

गाडी मास्तरचीही मिळेल. शिंपीणबाई तर आत्ताच डबा बांधायला तयार आहेत. पण त्या पहिल्याच फेरीला डोळे मिटून घेतील, आणि मी दुसरं नाव देणार नाही. तू नाही म्हणालास तर मी जाणार नाही. धमकी नाही ही, नियम आहे. आदळआपट करणार नाही, तुझ्या दारात येऊन बसणार नाही. घरी राहीन. तो नळ वाहत राहील, एवढंच.

तू हो म्हणालास तर ते आरसे पुन्हा काढावे लागतील, पाटी काढावी लागेल, टेप लावावी लागेल, आणि ते तुला स्वतःच्या हाताने करावं लागेल, कारण गाडी तुझ्या सोफ्याशेजारी आहे. ते सोपं जाणार नाही, हे मला कळतं. मग रविवारी त्या भिंतीशी उभं राहावं लागेल. मी समोरून जाईन आणि वळणाआड दिसेनाशी होईन. मग परत येईन. तू मला एक प्रश्न विचारला आहेस आणि मी कागदावर त्याचं उत्तर शपथेवर देऊ शकले नाही. तिथे दर फेरीला तुझ्या डोळ्यांसमोर देईन. याहून चांगली व्यवस्था मला सुचत नाही.

उत्तर लेखी हवं. फोन नको, फोटो नको, नाक ओढणं नको. हो किंवा नाही, खाली सही. गुरुवार, २० फेब्रुवारी, संध्याकाळी सातच्या आत, माझ्या हातात. पोस्टात टाकू नकोस, स्वतः घेऊन ये. नाही लिहिलं असेल तरी स्वतःच घेऊन ये; दाराच्या फटीतून सरकवून पळता येणार नाही, आत येऊन बसायचं आणि मी वाचेपर्यंत बसून राहायचं.

आणि जेवून येऊ नकोस.

आई